पासवर्ड बरोबर, तरी दारातूनच परत पाठवतो (लिनक्स मिंट) – शनिवारच्या आत मदत हवी

ओलेकाजू · गुरुवार, संध्याकाळी ७:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, या विभागात पहिल्यांदाच लिहितेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दाभोळच्या अलीकडे आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तर घराची पडवी, मागची शेड आणि अकरा बायका. बी वाफवून, फोडून, सुकवून झाली की सोलायचं काम या करतात. सोललेल्या गराच्या किलोवर मजुरी, दर शनिवारी रोख. इतकी वर्षं वहीत लिहायचो. एप्रिलमध्ये जुना कॉम्प्युटर घेतला, पुतण्याने त्यात लिनक्स मिंट २१ (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून दिलं आणि दहा दिवसांपूर्वी इलेक्ट्रॉनिक काट्याची वायर कॉम्प्युटरला जोडून एक प्रोग्रॅम करून पाठवला. ताट काट्यावर ठेवायचं, नाव निवडायचं, वजन आपोआप नोंदतं. बायका खूश, मी त्याहून खूश.

काल रात्री वळवाचा पाऊस. विजा अशा की आम्ही टीव्ही, फ्रिज, पंप, सगळ्याच्या पिना काढल्या. काट्याची वायरही काढली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, तो तसाच चालू राहिला. पहाटे कधीतरी इन्व्हर्टरही दमला.

आज सकाळी चालू केला तर पासवर्डचा पडदा. हा आमच्याकडे कधी येतच नाही, सरळ डेस्कटॉप उघडतो. पासवर्ड टाकला, चुकीचा म्हणे. वीस वेळा टाकला असेल. पासवर्ड मला पक्का ठाऊक आहे, तो भिंतीवर लिहिलेला आहे (ओरडू नका).

तालुक्यातल्या एका दुकानात फोन केला. "घेऊन या, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो" असं उत्तर. पण आत या आठवड्याची सगळी वजनं आहेत. पुतण्या ट्रेकला गेलाय, फोन लागत नाही. परवा शनिवार आहे.

---

सोलकढी · गुरुवार, ७:२०

ताई, फॉरमॅट अजिबात करू देऊ नका. बाकी मला काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

---

देवबागचो · गुरुवार, ७:३१

गो बाय, आधी कीबोर्ड बघ! तू मराठी टाइप करतंस मां? माझो पासवर्ड तीन दिवस लागत नाय होतो. शेवटाक कळला, कीबोर्डच मराठीत होतो. पासवर्डाच्या जाग्यार नुसते टिंब दिसतत, आपण काय लिवतंव ता थोडाच दिसता. वरच्या कोपऱ्यात बघ.

---

ओलेकाजू · गुरुवार, ७:४४

देवबागचे दादा, पाया पडते! कोपऱ्यात मराठीच होतं. इंग्रजी केलं, आता चुकीचा म्हणत नाही.

पण आत पण जात नाही. एंटर मारलं की पडदा एक क्षण काळा होतो आणि पुन्हा तोच पासवर्डचा पडदा. परत टाकला, परत काळा, परत तेच. उंबऱ्यापर्यंत जाऊन माघारी.

---

नवशिक्या_रत्नांग्री · गुरुवार, ७:५०

हे परमिशनचं आहे, मला पण आलेलं. होम फोल्डरला सीएचमॉड ७७७ मारा, आतल्या सगळ्या फाइल्ससकट. मी सगळीकडे तेच करतो, कधी प्रॉब्लेम येत नाही.

---

खाडीपलीकडे · गुरुवार, ७:५८

ओलेकाजू ताई, वरचं करू नका. कृपया काहीच करू नका, दहा मिनिटं थांबा, मी लिहितोय.

रत्नांग्री भाऊ, ७७७ म्हणजे घरातल्या प्रत्येक कपाटाची किल्ली गावभर वाटणं. आणि लॉगिनचा प्रश्न त्याने सुटेलच असं नाही, उलट वाढेल. एसएसएचच्या (लांबून दुसऱ्या मशीनवर शिरायचं साधन) किल्ल्या इतरांना वाचता येतात असं दिसलं की एसएसएच त्या वापरायलाच नकार देतं. हेच ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या सुडोअर्स फाइलला कोणी केलं तर सुडो, म्हणजे मालकाच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय, काम करायचंच थांबतं. तुम्हाला कधी प्रॉब्लेम आला नाही हे तुमचं नशीब.

---

खाडीपलीकडे · गुरुवार, ८:१५

हां, आता सावकाश.

ताई, "पासवर्ड चुकीचा" आणि "पासवर्ड घेतो पण परत पाठवतो" हे दोन निराळे आजार आहेत. पहिला तुमचा गेला. दुसऱ्यात मशीनने तुम्हाला ओळखलेलं असतं, खातं ठीक असतं, पण डेस्कटॉप उभा करताना काहीतरी अडतं आणि तो कोसळून पुन्हा लॉगिनवर येतो. सहसा तीनपैकी एक कारण निघतं: डिस्क भरलेली, होममधली (तुमच्या युजरच्या फोल्डरमधली) एखादी फाइल रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी युजरच्या, मालकीची झालेली, किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर.

लॉगिनच्या पडद्यावर असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतील, घाबरू नका. तिथे युजरचं नाव टाका, एंटर, मग पासवर्ड. इथे पासवर्डला टिंबंसुद्धा दिसत नाहीत, तरी टाइप होतं. आत गेलात तर खातं शाबूत आहे.

मग ही कमांड. मी उच्चाराने लिहितोय, तुम्ही इंग्रजी छोट्या अक्षरांत टाका: डीएफ, स्पेस, डॅश एच. ज्या ओळीच्या शेवटी नुसती तिरकी रेघ / आहे ती ओळ इथे लिहा. परत यायचं तर कंट्रोल, ऑल्ट, एफ७.

---

सडेकर · गुरुवार, ८:२२

माझ्या बाबतीत ते दुसरं कारण होतं. सुडो लावून एक ग्राफिकल प्रोग्रॅम उघडला होता आणि होममधली डॉट एक्सऑथॉरिटी नावाची लपलेली फाइल रूटच्या मालकीची झाली. मग डेस्कटॉपला ती लिहिता येईना. त्या काळ्या पडद्यावरून फाइल काढून टाकली, पुढच्या लॉगिनला आपोआप नवी तयार झाली. एलएस डॅश एलए केलं की मालकाचं नाव दिसतं, तिथे तुमच्या नावाऐवजी रूट असेल तर समजा तेच.

---

ओलेकाजू · गुरुवार, ८:४०

"काजू" हे युजरचं नाव टाकून आत गेले! ओळ अशी आहे: आकार ११० जी, वापरलेले १०४ जी, शिल्लक ०, वापर १००%.

म्हणजे भरली ना? पण ११० मधून १०४ गेले तर ६ उरायला हवेत. ते ६ कोणी खाल्ले? आणि मुळात भरली कशाने? गेल्या आठवड्यात पुतण्याने सांगितलं होतं की अर्ध्याहून जास्त रिकामी आहे.

---

खाडीपलीकडे · गुरुवार, ८:५३

हिशेबाच्या बाई आहात हे कळलं. ☺

ते सहा कोणी खाल्लेले नाहीत. ईएक्सटी४ प्रकारची डिस्क तयार होते तेव्हा साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते. ११० चे ५ टक्के साडेपाच. साध्या युजरने डिस्क ठासून भरली तरी सिस्टीमची स्वतःची कामं अडू नयेत म्हणून ही सोय. त्यामुळेच तुमचं मशीन चालू होतंय, लॉगिनचा पडदा दिसतोय. अडलंय फक्त "काजू" या युजरचं. तुमच्या नावाने एक बाइटसुद्धा लिहायला जागा नाही, आणि डेस्कटॉप उघडताना ती सडेकरांची डॉट एक्सऑथॉरिटी लिहावीच लागते. लिहिता आली नाही की पाठवला परत.

आता चोर शोधू. त्याच काळ्या पडद्यावर: एलएस, स्पेस, डॅश एलएचएस. यातला शेवटचा एस कॅपिटल, बाकी छोटे. सगळ्यात मोठी फाइल सगळ्यात वर येईल. यादी लांबली आणि वरच्या ओळी निघून गेल्या तर त्याच कमांडपुढे उभी रेघ | देऊन हेड लिहा, फक्त पहिल्या दहा ओळी येतील.

---

ओलेकाजू · गुरुवार, ९:०४

पहिल्या ओळीत ६० जी! तारीख आजची, वेळ पहाटे ५:४१. पण नाव वाचता येत नाही. नावाच्या जागी नुसते चौकोन चौकोन आहेत. व्हायरस आहे का?

खालच्या चार-पाच फाइल्सनाही चौकोनच, पण त्या छोट्या आहेत, काही के.

---

देवबागचो · गुरुवार, ९:०७

चौकोन म्हणजे मराठी नाव असतला. त्या काळ्या पडद्याक मराठी येणा नाय.

---

खाडीपलीकडे · गुरुवार, ९:१९

देवबागचे बरोबर. तो मजकुराचा कन्सोल फार जुन्या घडणीचा, त्याच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात आणि जोडाक्षरं, काना-मात्रा जुळवायची अक्कल त्याला नाही. फाइलचं नाव डिस्कवर शाबूत आहे, फक्त दिसत नाही. आणि तिथे मराठी टाइपही करता येत नाही, म्हणजे नाव घेऊन तिला हात लावता येणार नाही. पुतण्याने हौसेने मराठी नाव दिलेलं दिसतंय.

पहाटे ५:४१ ला लिहिणं थांबलं, म्हणजे डिस्क ठासून भरली तेव्हा. कोणीतरी रात्रभर त्या फाइलमध्ये लिहीत होतं. तुमच्या वजनांची फाइल ही नव्हे. अकरा बायकांची दहा दिवसांची वजनं मोबाइलच्या एका फोटोएवढीही जागा घेणार नाहीत. ती त्या "काही के" वाल्यांत असेल, तिला आपण हात लावणार नाही.

मोठी फाइल पूर्ण उडवायची नाही. तिचा सुरुवातीचा १ एमबी ठेवू, म्हणजे डेस्कटॉपवर उघडून कोण बडबडत होतं ते वाचता येईल. नाव घेता येत नाही तर आकाराने पकडू. आधी फक्त शोध:

फाइंड, स्पेस, डॉट, स्पेस, डॅश मॅक्सडेप्थ, स्पेस, 1, स्पेस, डॅश साइज, स्पेस, +10जी (हा जी कॅपिटल).

एकच चौकोनी ओळ यायला हवी. दोन आल्या तर थांबा, मला विचारा. एकच आली तर वरचा बाण दाबा, तीच कमांड परत येईल, तिच्या शेवटी हे जोडा: स्पेस, डॅश एक्झेक, स्पेस, ट्रंकेट, स्पेस, डॅश एस, स्पेस, 1एम (एम कॅपिटल), स्पेस, {} , स्पेस, +

यातलं कशालाच सुडो लागत नाही. फाइल तुमची आहे, आपल्या घरातला कचरा काढायला सरपंचाला विचारावं लागत नाही.

---

नवशिक्या_रत्नांग्री · गुरुवार, ९:२४

एवढं लांबलचक कशाला? फाइंडला डॅश डिलीट लावलं की झालं ना?

---

खाडीपलीकडे · गुरुवार, ९:२९

लावता येतं, पण तुम्ही ते कुठे लावाल याची मला भीती वाटते. फाइंड डावीकडून उजवीकडे वाचत जातं. डॅश डिलीट आकाराच्या अटीच्या आधी पडलं तर अट तपासायच्या आधीच सगळं पुसत सुटतं, १० जीबीची काय नि ४ केबीची काय. फोनवर वाचून कन्सोलवर टाइप करणाऱ्या माणसाला मी ती कमांड देणार नाही.

---

ओलेकाजू · गुरुवार, ९:५१

आले!!! आत आले! डेस्कटॉप दिसतोय, गणपतीचा वॉलपेपर दिसतोय, वजनांची फाइल आहे, सगळी नावं आहेत. मिस्टरांना वाटलं मला काहीतरी चावलं, एवढ्या जोरात ओरडले.

एकच ओळ आली होती, दोनदा मोजली. मग शेवट जोडला आणि डोळे मिटून एंटर.

त्या फाइलचं नाव "काट्याची नोंदवही" असं आहे. उघडली. सुरुवातीला तारीख-वेळ आणि "काटा जोडला" अशा ओळी, दिवसाला एक-दोन. मग बुधवारी रात्री ८:४७ पासून पुढे फक्त एकच वाक्य, खाली खाली खाली:

काटा सापडत नाही
काटा सापडत नाही
काटा सापडत नाही

प्रत्येकापुढे तारीख आणि वेळ, आणि एकाच सेकंदाला हजारो वेळा तेच. मला खरं तर वाईट वाटलं त्याचं. आम्ही वायर काढून झोपलो आणि हा रात्रभर काटा शोधत होता.

---

खाडीपलीकडे · गुरुवार, १०:०८

झालं, सापडलं. प्रोग्रॅमला काटा दिसला नाही की तो तक्रार लिहितो आणि लगेच पुन्हा शोधतो, मध्ये श्वासही घेत नाही.

हिशेब बघा, तुम्हाला आवडेल. "काटा सापडत नाही" यात १३ अक्षरखुणा आणि २ मोकळ्या जागा. यूटीएफ-८ मध्ये (मशीनची अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, काना आणि वेलांटीही वेगळी मोजायची. म्हणजे ३९ अधिक २, एकूण ४१. तारीख-वेळेचे १९, मधली मोकळी जागा १, ओळ संपल्याचा १. एक ओळ ६२ बाइट. ६० जीबीला १०० कोटींच्या वर ओळी झाल्या. पावणेनऊ ते पावणेसहा, नऊ तास. सेकंदाला साधारण तीस हजार हाका.

आज रात्री काट्याची वायर जोडून ठेवा, नाहीतर कॉम्प्युटर बंद करून झोपा. पुतण्या आला की त्याला माझ्याकडे पाठवा.

---

सोलकढी · गुरुवार, १०:१५

शंभर कोटी वेळा "काटा सापडत नाही". ललित विभागात टाका हे कोणीतरी.

---

ओलेकाजू · शुक्रवार, दुपारी १:३६

माफ करा, पुन्हा मीच. सगळं चालू आहे, बायकांची वजनंही घेतली. पण मिंटच्या अपडेटची ढाल लाल झाली होती म्हणून अपडेट करायला गेले तर पासवर्ड घेईना. यावेळी कीबोर्ड इंग्रजीच आहे, बघितलं! मग टर्मिनलमध्ये सुडो लावून पाहिलं तर म्हणतो की सुडोअर्सच्या यादीत काजूचं नाव नाही आणि ही घटना कळवण्यात येईल.

कोणाला कळवण्यात येईल? मी काही केलेलं नाही.

---

देवबागचो · शुक्रवार, १:४१

पोलीस निघाले गो दापोलीसून.

---

खाडीपलीकडे · शुक्रवार, २:१०

देवबागचे, घाबरवू नका त्यांना. ताई, कोणी येत नाही. मशीन स्वतःच्याच लॉगमध्ये लिहून ठेवतं, आणि त्या मशीनची मालक तुम्हीच.

पण हे काल रात्रीच्या गोष्टीशी जुळत नाही. डिस्क भरल्याने सुडो जात नाही. टर्मिनलमध्ये ग्रुप्स एवढंच टाइप करून काय येतं ते सांगा. आणि खरं सांगा, गेल्या दहा-बारा दिवसांत तुम्ही स्वतः कुठली कमांड टाकली होती का? रागावणार नाही.

---

ओलेकाजू · शुक्रवार, २:३३

दोनच शब्द येतात: काजू, डायलआउट.

आणि हो, टाकली होती. पुतण्याने प्रोग्रॅम पाठवला तेव्हा तो काट्याच्या वायरला "परवानगी नाही" म्हणत होता. पुतण्या ऑफिसात होता म्हणून मी शोधलं. एका ठिकाणी लिहिलं होतं की युजरला डायलआउट गटात घाला: सुडो युजरमॉड डॅश जी डायलआउट काजू, जी कॅपिटल. टाकली, पुन्हा चालू केला आणि काटा लगेच चालू झाला! त्या दिवशी मी इतकी खूश होते की पुतण्याला म्हटलं आता तुझी गरज नाही.

---

खाडीपलीकडे · शुक्रवार, ३:०२

ही लिनक्सवरची फार जुनी खोड आहे ताई, आणि चूक तुमच्याहून त्या सल्ला देणाऱ्याची जास्त.

गटाचं निदान बरोबर होतं. यूएसबी-सिरियल वायर डायलआउट गटाच्या ताब्यात असते, गटात नसाल तर काट्याचं काही ऐकू येत नाही. पण युजरमॉडचा तो कॅपिटल जी म्हणजे "यालाही या गटात घाल" असं नव्हे. त्याचा अर्थ "याचे गट आता एवढेच". सोबत छोटा ए हवा होता, डॅश एजी. ए म्हणजे जोड. तो नव्हता म्हणून मशीनने तुम्हाला डायलआउटमध्ये घातलं आणि बाकी सगळ्या गटांतून काढलं. त्यात सुडो नावाचा गटही होता. मजुरीच्या यादीत नवं नाव लिहायला सांगितलं आणि कोणी जुनी यादी फाडून एकाच नावाची नवी लिहिली, तसं.

गट लॉगिनच्या वेळी ठरतात, म्हणून पुन्हा चालू केल्यावर तुम्हाला डायलआउट मिळालं आणि त्याच क्षणी सुडो गेलं. तेव्हापासून तुम्ही सुडो वापरलंच नाही, म्हणून आज कळलं. वादळाचा याच्याशी काही संबंध नाही.

आता गंमत अशी की सुडो परत मिळवायला सुडो लागतं. म्हणून मागच्या दाराने जायचं. रिकव्हरी मोड. मशीन जुनं असेल तर चालू करताना शिफ्ट दाबून धरा. नव्या प्रकारचं, यूईएफआयवालं असेल तर कंपनीचं चिन्ह गेल्या गेल्या एस्केप एकदाच दाबा. एक यादी येईल. त्यात प्रगत पर्याय, त्यात रिकव्हरी मोड, मग जी निळी-करडी यादी येईल त्यात रूट. एंटर. आता तुम्ही रूट आहात, जपून.

तिथे डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, म्हणून आधी: माउंट, स्पेस, डॅश ओ, स्पेस, रीमाउंट स्वल्पविराम आरडब्ल्यू (मध्ये जागा नको), स्पेस, / .

मग जुनी यादी बघा. लिनक्स गटांची फाइल बदलतं तेव्हा शेवटच्या बदलाआधीची प्रत शेजारी ठेवतं. तिचं नावही ग्रुपच, फक्त शेवटी एक डॅश. डिफ, स्पेस, /ईटीसी/ग्रुप- , स्पेस, /ईटीसी/ग्रुप. जिथे जिथे तुमचं नाव गेलं त्या ओळी दिसतील. त्या कागदावर उतरवून घ्या.

उद्या सकाळपर्यंत जमलं नाही तर मी पेन ड्राइव्ह घेऊन धोपाव्याहून पहिल्या फेरीबोटीने येतो. समोरच राहतो, नावातच लिहिलंय.

---

सडेकर · शुक्रवार, ३:२०

एक शंका. मागच्या दाराने पासवर्डशिवाय रूट होता येत असेल तर मग पासवर्डला अर्थ काय? कोणीही येऊन बसेल.

---

खाडीपलीकडे · शुक्रवार, ३:३१

मशीन ज्याच्या हातात, मशीन त्याचं. पासवर्ड नेटवर्कवरून येणाऱ्याला आणि घरातल्या चौकस पोरांना अडवतो. चोराला अडवायचं तर डिस्क बसवतानाच ती कूटबद्ध करायला हवी. ताईंच्या बाबतीत शेडचं कुलूप पुरेसं आहे. पासवर्ड तसाही भिंतीवर आहे.

---

ओलेकाजू · शुक्रवार, रात्री ८:५५

एस्केप एकदाच दाबा म्हणालात, मी घाईत चार वेळा दाबला. काळा पडदा, वर "ग्रब" आणि एक बाण, यादी नाही. आता काय?

---

खाडीपलीकडे · शुक्रवार, ८:५८

काही बिघडलं नाही. यादीच्याही पलीकडे गेलात. तिथे नॉर्मल असं टाइप करा, एंटर, आणि लगेच एस्केप. यावेळी एकदाच.

---

ओलेकाजू · शुक्रवार, ९:३०

यादी आली. रूट झाले. डिफमध्ये सात ओळी आल्या: एडीएम, सीडीरॉम, सुडो, डिप, प्लगडेव्ह, एलपीअ‍ॅडमिन, सांबाशेअर. सुडोपुढे २७ आकडा आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी आधी काजू होतं, नव्या यादीत नाही. डायलआउटच्या ओळीचं उलट, तिथे आधी नव्हतं आणि आता आहे.

एवढ्या ठिकाणी माझं नाव होतं हे मला माहीतच नव्हतं.

---

खाडीपलीकडे · शुक्रवार, ९:३७

बरोबर, हेच ते. आता तीच कमांड, पण ए सकट: युजरमॉड, स्पेस, डॅश एजी (ए छोटा, जी कॅपिटल), स्पेस, ती सात नावं मध्ये फक्त स्वल्पविराम देऊन, एकही मोकळी जागा नको, स्पेस, काजू. एंटर. काहीच उत्तर आलं नाही तर ते चांगलं लक्षण. मग रीबूट.

---

ओलेकाजू · शुक्रवार, ९:५२

उत्तर आलं नाही. रीबूट केलं. ग्रुप्समध्ये आता नऊ शब्द. सुडो चालतंय. अपडेट उतरतंय.

फेरीबोटीने तरी या, काजूची उसळ करते. ओले काजू संपले, सुकेच भिजत घालते.

---

पुतण्या_नं१ · शनिवार, दुपारी १२:१८

मीच तो. आत्ता महाडला रेंज आली आणि काकूचे चोवीस मिस्ड कॉल दिसले.

चूक माझी. घरी टेस्ट केलं तेव्हा काटा सतत जोडलेला होता, वायर निघेल हा विचारच केला नाही. खाडीपलीकडे काका, आता असं करतोय: काटा दिसला नाही तर एकदाच लिहायचं, मग पाच सेकंद झोपायचं, परत सापडला की एकदा लिहायचं. शिवाय नोंदवही ५ एमबीच्या वर गेली की जुनी बाजूला. चालेल?

---

खाडीपलीकडे · शनिवार, १२:४०

चालेल. आणखी दोन. पोर्टचं नाव प्रोग्रॅममध्ये यूएसबी० असं पक्कं लिहिलं असशील. वायर काढून घातली की ते कधी कधी यूएसबी१ होतं आणि काटा समोर असून सापडत नाही. डेव्ह फोल्डरात सिरियल, त्यात बाय-आयडी, तिथे वायरच्या स्वतःच्या ओळखीचं नाव असतं, ते वापर. आणि फाइलला इंग्रजी नाव दे रे बाबा. आतला मजकूर मराठीत ठेव, तो छान होता.

---

ओलेकाजू · शनिवार, रात्री ८:२०

पगार झाले. अकराही जणींचे, वेळेवर.

फक्त एका काकूंचा हिशेब जुळेना. त्या लिहायला-वाचायला शिकलेल्या नाहीत, शेडच्या खांबावर कोळशाने रेघा मारतात. एक किलोला उभी रेघ, अर्ध्याला आडवी. कॉम्प्युटर बुधवारचे साडेपाच किलो दाखवत होता, खांबावर साडेआठ. मी त्यांना म्हटलंही, काकू, मशीन कसं चुकेल. त्या काही बोलल्या नाहीत, खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मग आठवलं. बुधवारी विजा सुरू झाल्यावर मी वायर काढली तेव्हा त्यांचं शेवटचं ताट काट्यावरच होतं. काटा स्वतःच्या बॅटरीवर चालतो, त्यावर त्यांनी आकडा बघितला, रेघा मारल्या आणि पावसाच्या आत घरी पळाल्या. नोंदवहीत बघितलं, ८:४७ ला पहिलं "काटा सापडत नाही". त्यांचं ताट पावणेनऊचं.

तीन किलोचे पैसे दिले. पुतण्याला सांगितलंय, वजन आलं नाही की मोठा भोंगा वाजला पाहिजे.